घरातलं विष टाकायचं कुठं?

गेल्या महिन्यात या पानावर मी चारच ओळी लिहिल्या होत्या. गेलेली ट्यूबलाइट फोडून कचऱ्यात टाकू नका, आत पारा असतो. नवी ज्या खोक्यातून आली त्याच खोक्यात जुनी घालून ठेवा, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. माझी ३१ वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. बाटलीवर चिठ्ठी लावणं, चिठ्ठी फिकी पडली की पुन्हा लिहिणं, सांडलेलं निस्तरणं हेच माझं काम होतं. त्यामुळे उत्तरं त्या अनुभवातून देते आहे. पत्रं थोडी आटोपती केली आहेत. कुणाचं नाव छापलेलं नाही.

बाई, बाळाला ताप होता म्हणून काचेचा थर्मामीटर झटकत होते, तो पलंगाच्या कडेवर आपटून फुटला. पाऱ्याचे मणी फरशीभर पळाले. घाईत झाडूने लोटले, सुपलीत भरले आणि घंटागाडीत टाकले. दोन-चार मणी सासूबाईंनी वाटीत घेऊन देव्हाऱ्यात ठेवलेत. पारा शंकराचा, टाकायचा नसतो म्हणतात. आता काय करू?
– एक सून, जुळे सोलापूर

आधी बाळाचं बघू. ते त्या खोलीत झोपत असेल तर काही दिवस दुसऱ्या खोलीत झोपवा आणि फुटलेल्या जागी रांगू देऊ नका. थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅम पारा असतो. एकदा फुटला म्हणून लगेच काही होत नाही, घाबरू नका. पण पारा फटीत राहिला की त्याची वाफ होत राहते. तिला वास नाही, रंग नाही, आणि ती जमिनीलगत जास्त असते, म्हणजे नेमकी रांगत्या बाळाच्या नाकापाशी. आपल्याकडे उन्हाळ्यात तापमान चाळिशी ओलांडतं. खोली जितकी तापेल तितकी वाफ जास्त होते.

आज रात्री एक करा. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरा. उभ्या उजेडात न दिसणारा, खसखशीएवढा कणसुद्धा आडव्या उजेडात लांब सावली टाकतो. पलंगाच्या पायाशी, भिंतीच्या पट्टीखाली, फरशीच्या जोडांत बघा. आमच्या प्रयोगशाळेत एकदा वायुभारमापकाची नळी फुटली होती. दोन दिवस खपून सगळं गोळा केलं असं आम्हाला वाटलं, आणि सहा महिन्यांनी टेबल सरकवलं तर त्याच्या पायाखालच्या खाचेत हरभऱ्याएवढा मणी तसाच्या तसा बसलेला.

हात लावण्याआधी अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा. पारा सोन्यात शिरतो, सोनं पांढरं पडतं आणि ठिसूळ होतं. पंखा बंद, खिडक्या उघड्या. जुन्या लग्नपत्रिकेचे दोन जाड तुकडे घ्या, एकाने मणी हळूहळू दुसऱ्यावर लोटा. मणी एकमेकांना भिडले की एक होतात, मग उचलायला सोपं जातं. बारीक कण चिकटपट्टीवर उचला. सगळं तळाशी थोडं पाणी घातलेल्या काचेच्या बाटलीत घाला, झाकण घट्ट लावा, वर ‘पारा’ असं लिहा. पाऱ्यावर झाडू कधीच फिरवायचा नाही, कारण एका मण्याचे शंभर होतात आणि झाडूच्या काड्यांतही अडकतात. तुमचा तो झाडू आता पिशवीत बांधून या बाटलीसोबतच ठेवा. पारा ज्या कपड्यांवर पडला असेल ते वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पाऱ्याला आपल्याकडे शंकराचा मान आहे, हे त्यांचं खरं आहे. पण उघड्या वाटीतला पारा निरांजनाच्या उबेला ठेवला तर त्याची वाफ समोर हात जोडून बसणाऱ्याच्याच श्वासात जाते. त्यांच्याच हाताने तो बाटलीत घालून घ्या, म्हणजे टाकल्याचं त्यांच्या मनाला लागणार नाही.

घंटागाडीत गेलेलं आता परत येत नाही. पण तो पारा कुठं जातो हे माहीत असावं. कचरा पेटला तर हवेत, हवेतून पाण्यात, पाण्यातून माशात. जपानमध्ये मिनामाता नावाच्या गावी कारखान्याचा पारा समुद्रात जात होता. मासे खाऊन माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. तो आजार १९५६ साली जगासमोर आला. पाऱ्याबद्दलचा जागतिक करार त्या गावाच्या नावानेच ओळखला जातो, आणि भारतानेही तो २०१८ मध्ये मान्य केला. यापुढे घरात डिजिटल थर्मामीटर आणा.

यजमानांना मधुमेह आहे. दिवसातून तीनदा इन्सुलिन. महिन्याच्या जवळजवळ शंभर सुया होतात. मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकते. बरोबर आहे ना?
– एक आजी, विजापूर रोड

नाही. आणि हे मला ज्या दिवशी कळलं तो दिवस मी विसरू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आमच्या घरीही इन्सुलिन होतं. मीही तुमच्यासारखीच वर्तमानपत्रात गुंडाळत होते. प्रयोगशाळेत फुटलेल्या काचेसाठी वेगळा डबा ठेवणारी मी, घरी मात्र सुया पेपरात. एका सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी आमची पिशवी नेहमीप्रमाणे वरून हाताने दाबली, जागा व्हावी म्हणून. हात झटकन मागे घेतला. तर्जनीच्या पेरावर रक्ताचा एक ठिपका, बाजरीच्या दाण्याएवढा. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि म्हणाल्या, ‘काही नाही बाई, रोजचंच आहे.’

सुई आमच्याच घरातली, कुणाची ते माहीत होतं, म्हणून निदान यजमानांची रक्ततपासणी करता आली. पण त्या पिशव्या शंभर घरांच्या दाबतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो. त्या आजाराच्या माणसाची सुई टोचली आणि लस घेतलेली नसेल तर लागण होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. ताईंनी लस घेतलेली नव्हती. पुढचे सहा महिने त्यांच्या तपासण्या झाल्या, प्रत्येक वेळी मी सोबत गेले. रिपोर्ट चांगले आले. त्या सहा महिन्यांत त्या कामावर रोज येत होत्या आणि मला त्यांच्याकडे मान वर करून बघवत नव्हतं.

तेव्हा आजी, फिनेलची किंवा कपडे धुण्याच्या लिक्विडची जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली नको, सुई तिच्यातून आरपार येते. सुई वापरून झाली की लगेच बाटलीत, टोक खाली. दोन्ही हातांनी टोपण बसवायला जाऊ नका, पुष्कळ जणांना तिथेच टोचतं. साखर तपासायच्या लॅन्सेटही त्याच बाटलीत. बाटली पाऊण भरली की झाकण लावून चिकटपट्टी गुंडाळा आणि मार्करने मोठ्या अक्षरात ‘सुया – उघडू नका’ लिहा. मग ज्या डॉक्टरांकडे किंवा लॅबमध्ये तुम्ही तपासणीला जाता तिथे द्या. दवाखान्यांचा कचरा न्यायला वेगळी गाडी येते, सुयांसाठी तिथे वेगळा पांढरा डबाच असतो. एका ठिकाणी नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारा. मला तिसऱ्या ठिकाणी हो म्हणाले.

आणि कुणाला टोचलंच तर बोट चोखायचं नाही, पिळायचंही नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, सरकारी दवाखाना गाठायचा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितकी लवकर तितकं बरं.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. आजोबांचे माग होते, सूत घरीच रंगवायचे. आता घर पाडून बांधायचं आहे. माळ्यावर पत्र्याचे सात-आठ डबे निघाले. एकात पांढरे तुकडे, एकात गंधकासारखा वास येणारी पांढरी पूड, बाकीच्यांत पिवळ्या-तपकिरी पुडी. चिठ्ठ्या तेलुगूत आहेत. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण लिपी आम्हा भावंडांना येत नाही. मिस्त्री म्हणतो पायाच्या खड्ड्यात पुरून टाकू, वर काँक्रीट पडलं की झालं.
– एक वाचक, साखर पेठ

हे पत्र मी तीनदा वाचलं. मीही त्याच भागात लहानाची मोठी झाले. शाळेत जाताना गटाराच्या रंगावरून आम्ही पोरी ओळखायचो की आज कुणाकडे रंगाची भट्टी लागली आहे. कधी मेंदी, कधी किरमिजी. सोलापूरची चादर जगभर गेली ती या हातांच्या जोरावर. आजोबांच्या बोटांची नखं शेवटपर्यंत निळसर असतील, मी तशी पुष्कळ पाहिली आहेत. तेव्हा त्या डब्यांना कचरा म्हणताना तुम्हाला जड जात असेल. पण ते खड्ड्यात पुरू नका. काँक्रीट वर असतं, पाणी खालून येतं. आपल्याकडे मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा खडक. त्या भेगांतूनच आपल्या बोअरला पाणी लागतं. तुमच्या पायात पुरलेला रंग शेजारच्याच्या बोअरमधून वर येऊ शकतो.

पहिलं काम म्हणजे नावं कळली पाहिजेत. डबे न उघडता प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढा आणि गल्लीतल्या तेलुगू वाचणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाकडे घेऊन जा. रंगकाम केलेला कुणी म्हातारा असेल तर फारच उत्तम, तो चिठ्ठी वाचून ‘हे अमुक रंगाला लागायचं’ हेही सांगेल. माझ्या कामात मी एक गोष्ट शिकले. नाव असलेलं विष सांभाळता येतं, नाव पुसलेलं सांभाळता येत नाही.

पांढरे तुकडे बहुधा कॉस्टिक सोडा. हवेतलं पाणी ओढून ते ओलसर आणि निसरडे होतात. कॉस्टिक बोटांना लागलं की साबणासारखं बुळबुळीत वाटतं, ते आपल्याच कातडीतल्या तेलाचा साबण होत असल्यामुळे. रबरी हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावा. डबा गंजून फुटला असेल तर प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवा, जर्मलच्या म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात अजिबात नको. कॉस्टिक जर्मल खातं आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो.

गंधकासारखा वास येणारी पूड म्हणजे, माझ्या अंदाजाने, हायड्रोज, सूत रंगवताना लागणारं सोडियम हायड्रोसल्फाइट. या डब्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. हायड्रोजला थोडं पाणी लागलं की ते तापतं, धुमसतं, कधी पेटही घेतं आणि घशाला झोंबणारा धूर सोडतं. माळ्यावर गळती असेल तर पहिल्या पावसाच्या आधी तो डबा तिथून हलला पाहिजे. कोरड्या, सावलीच्या, मोकळ्या जागी ठेवा, जवळ लाकूड-कापड नको. पेटलंच तर त्यावर तांब्याभर पाणी ओतायला जाऊ नका, सगळ्यांना लांब करा आणि अग्निशमन दलाला बोलवा, त्यांना सांगा की डब्यात काय आहे.

पिवळ्या-तपकिरी पुडी नॅप्थॉल रंगांच्या किंवा त्यांच्या बेसच्या, म्हणजे नॅप्थॉलशी जुळून सुतावर रंग उठवणाऱ्या जोड-रसायनाच्या, असू शकतात. या जातीच्या काही रसायनांमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे पुढे लक्षात आलं. जर्मनीने १९९४ मध्ये अशी रसायनं ज्यांतून सुटतात त्या रंगांवर (त्यांना ॲझो रंग म्हणतात) बंदी घातली, तेव्हा आपल्या चादरी-टॉवेलांच्या निर्यातीलाही रंग बदलावे लागले. नंतर आपल्या देशातही बंदी आली. आजोबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी त्या पुडी उघड्या हाताने कालवल्या. तुम्ही कालवू नका, हुंगू नका, झाडूने उडवू नका.

आता द्यायचं कुठं? कॉस्टिक चांगलं असेल तर चालू असलेल्या एखाद्या रंगशाळेच्या मालकाला विचारा, त्यांच्या ते रोजच्या वापरातलं असतं. चिठ्ठीसकट द्या, काय आहे ते सांगून द्या. बाकीचं, विशेषतः नाव न कळलेल्या पुडी आणि हायड्रोज, यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूरच्या कार्यालयात लेखी अर्ज करा आणि फोटो जोडा. कारखान्यांचा धोकादायक कचरा पुणे जिल्ह्यात रांजणगावच्या केंद्रावर जातो, तिथवर तुमचे डबे कोणत्या वाटेने जातील हे ते सांगू शकतील. वेळ लागेल. मिस्त्रीला थांबवा. डबे निघेपर्यंत त्या बाजूची भिंत पाडू देऊ नका.

रिकामा झालेला एखादा डबा आठवण म्हणून ठेवावा असं वाटत असेल तर तोही ठेवू नका. आजोबांच्या हातची ती तेलुगू चिठ्ठी फोटोत ठेवा.

मुदत संपलेल्या गोळ्या-औषधं संडासात टाकून पाणी सोडते. हे सगळ्यात सुरक्षित ना?
– गृहिणी, होटगी रोड

बहुतेक औषधांच्या बाबतीत नाही. पाण्यावाटे गेलेलं औषध नाल्याला, नदीला लागतं. थोडंसं औषध किती लांब जातं याचं उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडलं आहे. जनावरांना सूज-वेदनेवर डायक्लोफेनॅक देत असत. ते अंगात असताना मेलेल्या जनावराचं मांस गिधाडांनी खाल्लं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. काही वर्षांत आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपली. शेवटी २००६ मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी घालावी लागली.

केंद्राच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये १७ औषधांची यादी दिली आहे. मुख्यतः अफूवर्गातली तीव्र वेदनाशामकं आणि तशीच झोपेची, गुंगीची औषधं. घरात चुकून कुणाच्या पोटात एक गोळी गेली तरी जीव जाऊ शकतो, म्हणून तेवढीच पाण्यात सोडायला सांगितली आहेत. घरात कुणाच्या कॅन्सरच्या दुखण्यासाठी असं काही आणलं असेल तर औषधवाल्याला नाव दाखवून विचारून घ्या.

बाकीच्यांसाठी आधी औषधवाल्याला किंवा दवाखान्याला परत घेता का विचारा. घेत नसतील तर गोळ्या पाकिटातून काढा, कुटू नका, वापरलेल्या चहाच्या चोथ्यात कालवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करून धोकादायक कचऱ्यात द्या. अख्खी पाकिटं कधीच टाकू नका. कचऱ्यातून ती कुणाच्या तरी हाती लागतात आणि पुन्हा खाल्ली जातात. पाकीट कात्रीने कापा, बाटलीवरचं पेशंटचं नाव खोडा. दम्याचा पंप मात्र कापू नका, जाळू नका, फुटतो.

सासरहून मंगळवेढ्याची दोन क्विंटल मालदांडी आली. पिंपात कापडाच्या पुरचुंड्यांत गोळ्या होत्या, आता त्यांची राखाडी भुकटी झाली आहे. पिंप आम्ही झोपायच्या खोलीत ठेवलं आहे. भुकटी केरात टाकू का?
– एक वाचक, अशोक चौक

हे वाचून झाल्यावर लगेच पिंप त्या खोलीतून बाहेर काढा. आज तिथे कुणी झोपू नका. या पत्राचं उत्तर मी टपालानेही पाठवलं आहे.

त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असाव्यात. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून हवेतल्या दमटपणाने एक ग्रॅम फॉस्फिन वायू निघतो. किड्यांना मारतो तसा माणसांनाही. त्यावर उतारा नाही. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही असं समजू नका. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली गोदामात वापरायच्या असतात. तरी आपल्या जिल्ह्यात ज्वारीच्या प्रत्येक पोत्याबरोबर त्या मायेने दिल्या जातात, पोरीच्या घरच्या धान्याला कीड लागू नये म्हणून.

पिंप गच्चीवर न्या, झाकण काढा आणि बाजूला व्हा. पुरचुंड्या कोरड्या हातमोज्याने किंवा काडीने उचलून उघड्या बादलीत ठेवा, मोकळ्या हवेत, लेकरं आणि मांजर-कुत्री जाणार नाहीत अशा ठिकाणी. पावसाचं पाणी लागू देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, डब्यात कोंडू नका, कारण भुकटीत न विरघळलेला भाग राहिला असेल तर वायू आत साठतो. म्हणूनच केरातही नाही. ज्या कृषी सेवा केंद्रातून गोळ्या आणल्या त्यांना आणि तालुका कृषी कार्यालयाला फोन करून भुकटीचं काय करायचं ते विचारा. घरात कुणाला मळमळ, छातीत दडपण, चक्कर वाटत असेल तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा आणि गोळ्यांचं नाव सांगा.

पुढच्या वर्षीसाठी सासूबाईंना सांगा: ज्वारीला तीन-चार कडक उन्हं, पूर्ण गार झाल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या पिंपात, मध्ये सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. थोडी कीड लागलीच तर चाळून घेऊ. चालतं.

फुगलेली मोबाइलची बॅटरी भंगारवाल्याला दिली तर चालेल का?
– विद्यार्थी, सात रस्ता

नको. ती फुगलेली बॅटरी भंगाराच्या पोत्यात दाबली गेली की पेटते, आणि पोतं माणसाच्या खांद्यावर असतं. तिला टोचू नकोस, चार्जिंगला लावू नकोस. टोकांवर चिकटपट्टी लाव, कोरड्या वाळूच्या मडक्यात ठेव, उन्हात नको. मोबाइल कंपनीच्या सेवा केंद्रात दे. २०२२ च्या नियमांनुसार बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदारालाच द्यायची, तिचे पैसे वजा होतात.

दिवाळीच्या साफसफाईला फरशीचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र घातली तर डाग लवकर निघतात, असं कामवाल्या मावशी सांगतात.
– एक वाचक, नवी पेठ

मावशींना आजच थांबवा. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. छोट्या बाथरूममध्ये, दार लोटलेलं असताना, मावशीच आधी त्याच्या तावडीत सापडतील. एका वेळी एकच, दुसरं वापरायचं तर आधी भरपूर पाण्याने धुऊन. उरलेलं ॲसिड मूळ बाटलीतच राहू द्या. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलेलं ॲसिड प्यायल्याची किती तरी उदाहरणं ऐकली आहेत. अगदी थोडं उरलं असेल तर प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घ्या, पाण्यात ॲसिड हळूहळू घाला, ॲसिडमध्ये पाणी नाही. मग धुण्याचा सोडा चिमटी-चिमटीने, फसफस थांबेपर्यंत. मगच मोरीत.

पुस्तकात लिहिलंय ओला, सुका, धोकादायक कचरा वेगळा ठेवा. बाबा म्हणतात शेवटी सगळं एकाच ढिगात जातं, मग कशाला? तुम्ही खरं सांगा.
– इयत्ता आठवी, भवानी पेठ

बाळा, तुझे बाबा म्हणतात तसं होतं, कधी कधी होतं. मी नाही म्हणणार नाही. पण तू एक लक्षात घे. ढिगात जाण्याआधी ती पिशवी किती हातांतून जाते? आईच्या, गाडीवरच्या ताईंच्या, तुळजापूर रोडच्या डेपोवर निवडणाऱ्यांच्या. ढीग एकच झाला तरी ते हात आधी लागलेले असतात.

हा नियम २०१६ चा, २०२६ मध्ये त्याच्या जागी नवे नियम आले. २०१६ च्या नियमाप्रमाणे तुझ्या पुस्तकातलं बरोबर आहे, घराने तीन प्रकारे वेगळं करायचं होतं. पण त्याच नियमात महापालिकांनाही एक काम दिलं होतं: दर वीस चौरस किलोमीटरला धोकादायक घरगुती कचरा जमा करायचं एक केंद्र. आपल्या सोलापूरचं क्षेत्रफळ साधारण १७८ चौरस किलोमीटर आहे. भागाकार तू कर. माझ्या हिशेबाने नऊ येतात. बाबांना घेऊन तुमच्या झोन ऑफिसला जा आणि विचार की आपल्या भागाचं केंद्र कुठं आहे. आठवीच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. उत्तर लेखी माग.

तोवर घरात एक डबा ठेव. आमच्या दारामागे आहे, झाकणाचा, निळा. त्यात सेल, दिवे, औषधं, रंगाचा उरलेला डबा. सुयांची बाटली वेगळी. तो भरायला आमच्या घरी चार महिने लागतात, म्हणजे फार मोठं काम नाही. भरला की तो पिशवीत टाकून दारात ठेवायचा नाही. गाडीवरच्या ताईंना थांबवून हातात द्यायचा आणि आत काय आहे ते सांगायचं.

त्यांना विचारायचंही. मी वर ज्यांच्याबद्दल लिहिलं, ज्यांना आमची सुई टोचली, त्यांनीच नंतर मला सांगितलं की बाई, फुटकी काच असेल तर पेपरात नका गुंडाळू, पोत्यात घाला आणि पोत्याला लाल चिंधी बांधा, म्हणजे अंधारातसुद्धा आमचा हात थांबतो. त्या पहाटे साडेपाचला कामाला लागतात. जुन्या लाल परकराच्या चिंध्या मी कापून त्या डब्याशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवल्या आहेत. तुझ्या गल्लीतल्या ताई काय सांगतात ते मला कळव.